नाकावरची पट्टी

आमच्या ह्यांच्या नाकाच्या दांडीवर, चष्मा टेकतो त्याच्या थोडं खाली, एक आडवी फिकट रेघ होती. उन्हानं सगळं तोंड रापायचं, ती रेघ मात्र तेवढी गोरीच. नवीन माणूस भेटला की विचारायचा, "मास्तर, कधी लागलं होतं का?" हे नुसतं हसायचे. मी मात्र ठासून सांगायचे, "लागलं न्हाई, मी लावलंय."

मी नर्सबाई. जवळा बाजारच्या दवाखान्यात नोकरीला होते, आणि हे सिद्धेश्वर धरणाच्या अंगाला एका तांड्यावरच्या शाळेत मास्तर. नव्वदनंतरची गोष्ट. हिंगोली जिल्हा अजून वेगळा निघाला नव्हता, आमी परभणीवालेच होतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं आणि एक पोरगी, नुकती अंगणवाडीत जायला लागलेली. हे रोज सकाळी मोटारसायकलवर निघायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. त्या फटफटीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला की पोरगी हातातला घास टाकून दाराकडं पळायची.

उन्हाळा-पावसाळा कसाबसा निघायचा. खरी पंचाईत हिवाळ्यात. ह्या माणसाला दोन दुखणी, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा आणि छातीत दमा. सकाळचा गारठा नाकात गेला की छाती शिट्टी वाजवायला लागायची. डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं, थंडीत उघड्या नाकानं गाडी चालवायची नाही. म्हणून नाकातोंडावरून मफलर गच्च. आता मफलर गच्च म्हणजे तोंडातली वाफ जाणार कुठं? ती वर जायची, थेट चष्म्यात. त्यात रस्ता कालव्याच्या काठानं. दिवाळी सरली की पार शिवरात्रीपर्यंत त्या पाण्यावरून धुकं उठायचं. काचेला बाहेरून धुकं आणि आतून ह्यांचा श्वास. नाक झाकलं की डोळे गेले, नाक उघडलं की छाती गेली. इकडं आड, तिकडं विहीर.

"मग चालवता कशी हो गाडी?" मी विचारायचे.

"चष्मा खाली ओढतो, नाकाच्या शेंड्यावर. वरून बघतो."

"वरून दिसतंय का तुमाला?"

"अंदाज येतो की."

अंदाज म्हणे! अंदाजावर भाजीत मीठ टाकावं, गाडी चालवू नाही.

गावात उपायाला काय तोटा. ज्याला विचारावं त्याच्याजवळ एक तयार. शेजारी म्हणाले, बटाटा कापून काचेवर घासा. घासला. धुकं जरा कमी धरलं, पण वाळल्यावर काचेवर पिठाची साय. अंगाचा साबण कोरडाच घासून मऊ फडक्यानं पुसायचा, हा उपाय मात्र बरा होता, खोटं काहून बोलू? पण तो कालव्याच्या पुलापर्यंतच पुरायचा. पुढं ह्यांचा श्वास जिंकायचा. मग एसटीच्या एका ड्रायव्हरनं सांगितलं, पावसात वायपर चालंना म्हणजे आमी काचेला तंबाखू चोळतो, तुमीबी चोळा. आमच्या ह्यांनी तीबी चोळली. सुपारीचं खांड न खाणारा माणूस, वाटभर शिंकत शिंकत शाळेत पोचला, तर हेडमास्तरांनी नाक फुलवून वास घेतला आणि म्हणाले, "अरे वा मास्तर, तुमीबी सुरू केली का?" घरी येऊन सांगितलं तेव्हा सासूबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या.

हे हसणं एका सकाळी संपलं.

जवळा बाजारकडं कापूस घेऊन येणाऱ्या एका बैलगाडीचं जोतं, बैल जुंपायचा पट्टा, तुटलं, म्हणून ती गाडी रस्त्याच्या मधोमध उभी होती. धुक्यात दुसऱ्या कुणाला तरी दिसली असती. ह्यांना दिसली नाही. मोटारसायकल मागून जाऊन आदळली आणि हे वरून उडून कापसाच्या बोंदऱ्यावर, त्या मोठ्या गाठोड्यावर, पडले. कापूस होता म्हणून वाचले. उसाची गाडी असती तर आज मी ही गोष्ट लिहायला बसले नसते.

गाडीवानानं जोतं बांधलं आणि ह्यांना त्याच गाडीत घालून माझ्याच दवाखान्यात आणलं. मी लेकरांना डोस पाजत होते. दारात बघते तर हे उभे, केसात सगळा कापूस. मला आधी हसूच आलं. मग भुवईखालून आलेलं रक्त दिसलं. रोज दुसऱ्याच्या जखमा धुणारी मी, मला सुईत धागा ओवता येईना. शेवटी दुसऱ्या सिस्टरनं टाके घातले. भिंगाची एक काच फुटली होती. अर्ध्या बोटानं डोळा वाचला.

संध्याकाळी सासूबाईंनी निकालच दिला. "तिथंच खोली करायची. सोमवारी जायचं, शनिवारी यायचं. मला माझं लेकरू जित्तं पाहिजे."

ह्यांनी मान डोलावली. हेडमास्तरांनी सिद्धेश्वरला खोली बघूनसुद्धा ठेवली. सुट्टीचे दिवस संपायच्या आधीच ह्यांनी गादी-चादरीची वळकटी बांधली आणि दाराशी भिंतीला टेकवून ठेवली. मी बदली मागावी, तर त्या तांड्यावर दवाखानाच नव्हता. सगळं कसं बराबर होतं. फक्त मला ती वळकटी डोळ्यासमोर नको होती.

त्याचं कारण सांगते. माझे वडील दूर एका धरणावर चौकीदार होते. आठवड्यातून एकदा, शनिवारी घरी यायचे. मी एवढीशी होते. दारात ते दिसले की आत पळत जाऊन सांगायचे, "आई, पाव्हणे आले!" वडील खोखो हसायचे. आई हसायची नाही. मोठी झाल्यावर पाव्हणा म्हणायचं सुटलं, पण तो माणूस शेवटपर्यंत मला पाव्हणाच राहिला. त्यांना काय खायला आवडतं, रागावल्यावर ते काय करतात, मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. ते गेले तेव्हा मी खूप रडले, पण रडताना आठवायला माझ्याजवळ फार काही नव्हतं. आता माझी पोरगी दाराकडं पळायची. ते पळणं बंद व्हावं आणि तिनंही एखाद्या शनिवारी आत येऊन मला पाव्हणे आले म्हणून सांगावं, हे मी होऊ देणार नव्हते. बास.

"टाके निघेस्तोवर थांबा," मी म्हणाले.

"थांबून काय होणार? धुकं काय तुझ्या दवाखान्यातला पेशंट हाय का, गोळी दिली की जाईल?"

"थांबा म्हणते ना!"

म्हणाले खरी, पण माझ्याजवळ तरी कुठं काय होतं?

त्याच आठवड्यात कुटुंब नियोजनाचं शिबिर लागलं. बायांच्या रांगा, ओसरीवर लेकरांचा कालवा, आणि मी ऑपरेशनच्या खोलीत ड्यूटीला. बाहेरून आलेले सर्जन चष्मेवाले होते. हात धुऊन, तोंडाला मास्क बांधून उभे राहिले आणि म्हणाले, "सिस्टर, पट्टी." त्यांच्याबरोबर आलेल्या सिस्टरनं बोटभर चिकटपट्टी कापली आणि मास्कची वरची कड त्यांच्या नाकावर, गालापासून गालापर्यंत, चिकटवून टाकली. मला वाटलं नाकाला लागलं असेल.

शिबिर संपल्यावर चहा देताना मी विचारलंच. ते हसले. म्हणाले, "लागलं नाही, सिस्टर. मास्कची वरची कड उघडी राहिली की श्वास वर येतो आणि चष्म्याला वाफ धरते. मला पोटातलं दिसणार कसं? म्हणून वरचं दार बंद करायचं, श्वास आपोआप खालून जातो."

काचेला काय चोळावं म्हणून आम्ही अख्खं गाव पालथं घातलं होतं, आणि काचेचा दोष नव्हताच. वाट श्वासाची बंद करायची होती.

घरी जाताना मेडिकलमधून चिकटपट्टीचं रीळ घेतलं. दवाखान्यातलं सरकारी आणलं असतं तर ह्यांनी नाकाला लावू दिलं नसतं, असले ह्यांचे कायदे. मफलर बांधला, वरून पट्टी मारली. ह्यांनी दोन श्वास घेतले आणि पट्टी सुटली. लोकर चिकटली होती तिला, पांढऱ्या पट्टीला तांबडी दाढी. सासूबाई म्हणाल्या, "काय खेळ मांडला गं नवऱ्याचा?"

मग मी जुन्या मलमलच्या धोतराचे तीन पदर करून नाकावर बांधायचा कपडा शिवला. आधी कपडा, वरून मफलर नुसता कानाला आणि गळ्याला. पट्टी कपड्याच्या कडेला. तरी सुटायची. दोन दिवस मी डोकं धरून बसले. तिसऱ्या सकाळी बघते तर हे आरशासमोर उभं राहून तळहातावर खोबरेल घेऊन तोंडाला चोपडून राहिले. हिवाळ्यात आमच्याकडं अंघोळ झाली की तोंडाला तेल, ही लहानपणापासूनची रीत. त्या तुपकट नाकावर चिकटपट्टी काय, खळ लावली तरी टिकली नसती.

"उद्यापासून नाकाला तेल लावायचं न्हाई," मी म्हणाले.

"मग नाक उलंल की माझं!"

"उलू द्या. डोक्यापरीस नाक उललेलं बरं."

शेवटी तडजोड झाली. तेल सगळ्या तोंडाला लावायचं, मग मी नाक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, वाळू द्यायचं, आणि मगच पट्टी.

रविवारी पहाट फुटल्यावर आम्ही दोघं कालव्याच्या रस्त्यानं निघालो. मी मागं, जीव मुठीत. धुकं असं की बांधावरच्या बाभळी दिसंनात. मी दर घडीला विचारायचे, "दिसतंय का?" हे बोलंनात. मला वाटलं, झालं, गेलं सगळं मुसळ केरात. पुलाच्या पुढं ह्यांनी गाडी हळू केली.

"समोर बगळा बसलाय," कपड्यातून घुसमटलेला आवाज आला. "कठड्यावर. एक पाय वर घेतलाय त्यानं."

मी खांद्यावरून वाकून बघितलं. खरंच बगळा होता, आणि एक पाय वर होता. मला रडूच कोसळलं. ह्यांच्या पाठीवर डोकं टेकून मी बगळ्यासाठी रडले. ह्यांना काय झालं ते कळंना. म्हणाले, "अगं, बगळाच हाय. काहून रडतीस?"

घरी आलो तर सासूबाईंनी दोघांच्या तोंडाकडं बघितलं, वळकटी सोडली आणि गादी उन्हात टाकली.

त्यानंतर कितीतरी हिवाळे आमच्या दारात रोज सकाळी तोच कार्यक्रम. चष्मा हातात घेऊन हे उंबऱ्यावर उभे राहायचे, हनुवटी वर, डोळे मिटलेले. मी स्पिरिट लावायचे, हे "हुऽऽ" करायचे. मग दोन्ही अंगठ्यांनी पट्टी मधून गालाकडं दाबत न्यायची.

"वाकडी लागली."

"वाकडं तुमचं नाक हाय."

"न्हाई गं, डाव्या बाजूनं वारं येतंय. पुन्हा लाव."

असा संताप यायचा! चुलीवर दूध वर येतंय, माझी वेणी अर्धी, पोरीचा डबा व्हायचाय, आणि हे महाराज नाक पुढं करून उभे. मी म्हणायचे, "पोरांना भागाकार शिकवता, स्वतःच्या नाकाला बोटभर पट्टी लावता येईना तुमाला?"

"चष्मा काढल्यावर आरशात मला नुसता ढग दिसतो. कुठं लावू?"

जाड भिंगाचा माणूस, खरंच वाटायचं. सुटलेली पट्टी काढायची, नवीन कापायची, पुन्हा लावायची. आमचं आदल्या दिवशी कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी सकाळी हे उंबऱ्यावर हजर. अबोला सोडायचे नाहीत, फक्त हनुवटी वर करायचे. आता समोरच्या माणसाचं नाक दोन अंगठ्यात धरून कुणाचा अबोला टिकलाय? माझा तर कधीच टिकला नाही.

तांड्यावर सुरुवातीला बाया विचारायच्या, मास्तरच्या नाकाला रोज कोण मारतंय? मग सवय झाली. संध्याकाळी हे परत यायचे तेव्हा नाक मोकळं असायचं. मी एकदा विचारलं, "येताना कसं करता?" तर म्हणाले, "संध्याकाळी धुकं नसतंय." मला पटलं. उलट नाकावर बऱ्याचदा खडूची भुकटी असायची. मी पदरानं पुसून म्हणायचे, "फळ्यावर नाकानं लिहिता का हो?" पोरगी खिदळायची. तिला बापाचं सगळं माहीत होतं. कोणत्या भाजीला नाक मुरडतो, गणित चुकलं की कान कसा ओढतो, झोपेत काय बडबडतो. ती नक्कल करून दाखवायची आणि मी मनात म्हणायचे, बरं झालं बाई वळकटी सोडली.

जिल्हा वेगळा झाला, पोरगी कॉलेजला परभणीला गेली. तिथून येताना तिनं बापासाठी हेल्मेट आणलं, पुढं काच असलेलं. घ्या, आता दोन काचा! चष्म्याची एक आणि हेल्मेटची एक. आमची पट्टी होतीच, तरी कडाक्याच्या थंडीत हेल्मेटची काच आतून धूसर व्हायची. मग तिला आतून शाम्पूचा एक थेंब चोळून पुसायचा, आणि काच पूर्ण बंद होऊ नाही म्हणून खालच्या कडेला सायकलच्या व्हॉल्वट्यूबचा तुकडा चिकटवला. तेवढ्या फटीतून वारं खेळायचं. पट्टी मात्र उंबऱ्यावरच, आणि वाकडीच.

मग एका भर हिवाळ्यात ह्यांना बढती मिळाली. हेडमास्तर, आणि तेबी जवळा बाजारलाच, घरापासून चालत जायच्या अंतरावर. एवढ्या वर्षांचा कालव्याचा रस्ता सुटला. मी पेढे वाटले. तांड्यावर निरोपसमारंभ ठेवला आणि मलाही बोलावलं, म्हणून मीही ह्यांच्या मागं बसून गेले.

हार झाले, भाषणं झाली. मग सातवीतली एक पोरगी पुढं आली आणि म्हणाली, "आता मी गुरुजींची नक्कल करणार." तारेचा चष्मा, गळ्यात मफलर, काखेत हेल्मेट म्हणून भगोणं. आधी गुरुजी पाढे कसे म्हणून घेतात, शिंक आली की काय करतात, ते दाखवलं. सगळा तांडा लोटपोट. मी तर पोट धरून हसत होते.

मग ती म्हणाली, "आता शाळा सुटली. गुरुजी घरी निघाले."

तिनं फळ्याखालची खडूची भुकटी चिमटीत घेतली आणि नाकाला चोळली. तेल सुकवायला. मग तोंडाला फडकं बांधलं. खिशातून पट्टीचा तुकडा काढला, चष्मा कपाळावर सरकवला, डोळे मिटले, आणि एका अंगठ्यानं, आरसा नाही काही नाही, फर्रकन पट्टी ह्या गालापासून त्या गालापर्यंत. चष्मा खाली, भगोणं डोक्यावर, किक. "आन् गुरुजी फुर्रर्र!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. माझं हसू तोंडातच राहिलं.

शेजारी बसलेल्या मास्तरीणबाईंना मी हळूच विचारलं, "हे रोज असं करतेत?"

"रोज की! थंडीचा एक दिवस चुकत न्हाई. डोळे मिटून लावतेत, आणि कशी सरळ. आमी तर बघत बसतो."

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे हारातल्या फुलाच्या पाकळ्या मोजत असल्यासारखे खाली मान घालून बसलेले. कानाच्या पाळ्या लाल.

म्हणजे संध्याकाळी गारठा असायचा. श्वास संध्याकाळीही वरच जायचा. हा माणूस रोज स्वतःच पट्टी लावून कालव्यावरून यायचा, आणि गल्लीच्या अलीकडं ती काढून टाकायचा, मला कळू नाही म्हणून. ढग दिसतो म्हणे आरशात! उद्यापासून तर ह्यांना पट्टी लागणारच नव्हती, आणि आज मला कळलं की ती लावायला ह्यांना माझी गरज कधीच लागली नव्हती. मला एवढा राग आला आणि एवढी माया आली की बसल्या जागी काय करावं सुचंना.

समारंभ संपला. दिवस कलला होता, धरणाकडून गार वारं सुटलं होतं. गाडीजवळ आलो. पोरं, मास्तर, बाया सगळी निरोप द्यायला भोवती उभी. ह्यांनी सवयीनं नाकाला खडूची भुकटी चोळली, फडकं बांधलं, खिशातून पट्टीचं रीळ काढलं, क्षणभर हातात घोळवलं आणि माझ्यापुढं धरलं.

"लावा की तुमचं तुमी," मी म्हणाले. "येतंय की चांगलं."

ह्यांनी चष्मा काढला, हनुवटी वर केली आणि डोळे मिटले. एवढ्या लोकांत.

मी नाकावरची खडूची भुकटी पुसली. पट्टी कापली आणि दोन्ही अंगठ्यांनी मधून गालाकडं दाबत नेली. मुद्दाम वाकडी लावली.

"वाकडी लागली," हे म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले, आणि ती काढून दुसरी कापली.